डाळिंबी रंगाचें सुतक

आप्ताच्या मृत्यूनंतर सुतक कोणीं धरावें, किती दिवस धरावें आणि कोणाचें धरूं नये, याविषयीं आपल्या धर्मशास्त्रानें बारकाईचे नियम घालून दिले आहेत. नातें जसें दूरचें तसे दिवस कमी. परंतु ज्याच्याशीं आपलें कोणतेंच नातें नाहीं, ज्याच्याशीं आपण एक शब्दहि कधीं बोललों नाहीं, किंबहुना ज्यानें आपलें नांवहि कधीं ऐकलेलें नाहीं, अशा माणसाच्या मरणानें मन व्याकूळ झालें तर त्या दुःखाचें काय करावें, हें कोणत्याच स्मृतिकारानें सांगितलेलें नाहीं. नट, गवई, खेळाडू यांच्या अंत्ययात्रेस हजारों माणसें रस्त्यांत उभीं राहून रडतात, तेव्हां शहाणीं माणसें त्यास क्षणिक उन्माद म्हणून बाजूस सारतात. दोन दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरतील आणि तिसऱ्या दिवशीं सारें विसरलें जाईल, असा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब पुष्कळदां खरा ठरतो. पण इटलीच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं वसलेल्या ट्यूरिन शहरांत तो साफ चुकला. तेथील ‘तोरीनो’ या फुटबॉल क्लबाचे चाहते १९४९ सालीं मरण पावलेल्या आपल्या संघाची पुण्यतिथि अजून पाळतात. आणि पाळणाऱ्यांपैकीं जवळजवळ कोणींहि त्या संघाचा खेळ डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे शेतवाडी जावी, तसें हें दुःख गेलें आहे. असें कां झालें, आणि असें होणें योग्य होतें काय, याचा विचार करावयाचा तर प्रथम तो संघ काय होता तें पाहिलें पाहिजे.

ट्यूरिन हें सव्हॉय राजघराण्याचें जुनें राजधानीचें शहर. १८६१ सालीं इटलीचें राज्य स्थापन झालें तेव्हां त्याची पहिली राजधानीहि तेंच होतें. पुढें राजधानी हलली, आणि १८९९ सालीं निघालेल्या फियाट कंपनीमुळें तें मोटारींचें व मजुरांचें शहर झालें. फुटबॉलचे तेथें दोन क्लब. त्यांतला युव्हेंटस हा १८९७ सालचा. १९०६ सालच्या ३ डिसेंबर रोजीं त्या क्लबांतून फुटून निघालेली मंडळी आणि दुसऱ्या एका जुन्या क्लबाचे सभासद एका बिअरगृहांत जमले व त्यांनीं तोरीनो क्लबाची स्थापना केली. म्हणजे या दोहोंचें वैर शेजाऱ्यांचें नव्हे, तर भाऊबंदांचें. आणि भाऊबंदकी किती तिखट असते हें महाराष्ट्रांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. १९२३ पासून युव्हेंटसचीं सूत्रें फियाटच्या मालकांच्या, म्हणजे आन्येल्ली घराण्याच्या, हातीं गेलीं. तोरीनोच्या पाठीशीं असें घराणें नव्हतें. त्याच्याजवळ होता डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद तांबडा सदरा, आणि १९२६ सालीं खुलें झालेलें ‘फिलाडेल्फिया’ नांवाचें क्रीडांगण. त्या क्रीडांगणांत प्रेक्षक खेळाडूंच्या इतके निकट असत कीं, एकाचा श्वास दुसऱ्यास ऐकूं जावा.

१९३९ सालीं फेरुच्चो नोवो हा क्लबाचा अध्यक्ष झाला. एर्नो एर्बस्टीन नांवाचा हंगेरियन शिक्षक हा त्याचा मुख्य सल्लागार. एर्बस्टीन ज्यू होता. १९३८ सालीं मुसोलिनीच्या सरकारनें वंशभेदाचे कायदे केले तेव्हां त्यास इटली सोडावी लागली. पुढें हंगेरींत सक्तीच्या मजुरीच्या छावणींतून तो कसाबसा वांचला आणि युद्ध संपल्यावर पुन्हां ट्यूरिनला आला. नोवोनें एकेक खेळाडू हेरून संघ बांधला. १९४२ सालीं व्हेनिसच्या क्लबाकडून त्यानें दोन खेळाडू घेतले, एत्सिओ लोइक आणि व्हालेंतीनो मात्सोला. यांपैकीं मात्सोला हा त्या संघाचा कप्तान आणि प्राण झाला.

मात्सोलाचा जन्म १९१९ सालीं मिलानजवळच्या आद्दा नदीच्या कांठीं कास्सानो या गांवीं, गरिबाच्या घरीं झाला. लहानपणींच त्यास कामाला लागावें लागलें, आणि अल्फा रोमिओ मोटारींच्या कारखान्याच्या संघांत खेळतां खेळतां तो पुढें आला. त्याची एक हकीकत ट्यूरिनमध्यें आजहि लहान मुलांस सांगतात. तोरीनोचा खेळ कधीं मंदावला तर प्रेक्षकांत बसणारा एक रेल्वेचा नोकर आपला बिगुल काढून फुंकी. तो आवाज ऐकतांच मात्सोला आपल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारी, आणि मग पुढील पाव तासांत प्रतिपक्षाची धडगत नसे. ‘डाळिंबी पाव तास’ हें नांव त्यावरूनच पडलें. या कथेंत ज्याच्या हातांत बिगुल आहे तो खेळाडू नव्हे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. प्रेक्षकानें हांक द्यावी आणि कप्तानानें ती ऐकावी, असा हा संबंध होता. ज्यानें ती हांक दिली, तो उद्यां त्या कप्तानाच्या मरणावर आपलाहि कांहीं हक्क सांगेल, यांत नवल तें कोणतें?

१९४३ सालीं या संघानें देशाचें अजिंक्यपद आणि इटालियन चषक हीं दोन्ही एकाच वर्षीं जिंकलीं. इटलींत पूर्वीं हें कोणास साधलें नव्हतें. लगेच युद्ध देशाच्या भूमीवर आलें. ट्यूरिनवर विमानांतून बाँब पडत होते. खेळाडूंना सैन्यांत ओढलें जाऊं नये म्हणून त्यांचीं नांवें फियाटच्या पटावर चढविण्यांत आलीं, आणि १९४४ सालीं तोरीनो-फियाट या जोडनांवानें ते खेळले. युद्धानंतर मात्र संघास थांबविणारें कोणी उरलें नाहीं. १९४६, १९४७, १९४८ आणि १९४९ अशीं सलग चार अजिंक्यपदें त्यानें मिळविलीं. १९४७-४८ च्या मोसमांत ४० सामन्यांत त्यानें १२५ गोल केले. त्यांत आलेस्सांद्रियाच्या संघावर एकाच दिवशीं १०. सहा वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या क्रीडांगणावर अजिंक्यपदाचा एकहि सामना तो हरला नाहीं. ११ मे १९४७ रोजीं इटलीचा राष्ट्रीय संघ हंगेरीविरुद्ध मैदानावर उतरला, तेव्हां ११ पैकीं १० गडी एकट्या तोरीनोचे होते. अकरावा, गोलरक्षक, तेवढा युव्हेंटसचा.

या आंकड्यांच्या पाठीमागची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. इटली युद्धांत हरली होती. शहरें पडलीं होतीं, भाकरी शिधापत्रिकेवर मिळत होती, १९४६ सालीं राजघराणें गेलें होतें आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयानें पाहत होता. जगासमोर मान वर करावी असें त्या राष्ट्राजवळ फारसें कांहीं उरलें नव्हतें. सायकलच्या शर्यतींत कोप्पी आणि बार्ताली, व फुटबॉलमध्यें तोरीनो, एवढेच काय ते अभिमानाचे विषय. म्हणून ट्यूरिनच्या बाहेरहि, ज्यांनीं तें शहर कधीं पाहिलें नव्हतें अशांनींहि, या डाळिंबी सदऱ्यावर जीव लावला होता.

१९४९ सालच्या एप्रिल अखेर चार सामने बाकी असतां तोरीनो चार गुणांनीं पुढें होता. तेवढ्यांत लिस्बनहून निमंत्रण आलें. बेनफिका या पोर्तुगीज क्लबाचा कप्तान फ्रान्सिस्को फेरेरा याच्या सन्मानार्थ एक सामना व्हावयाचा होता. ३ मे रोजीं तो झाला आणि बेनफिकानें तो ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं संघ विमानांत बसला. वाटेंत बार्सिलोनास मुक्काम करून विमान पुन्हां निघालें. ट्यूरिनवर त्या दिवशीं ढग फार खालीं उतरले होते आणि पाऊस पडत होता. शहराच्या पूर्वेस सुपेर्गा नांवाची टेकडी आहे. १७०६ सालीं फ्रेंचांनीं शहराला वेढा घातला असतां, वेढा उठला तर येथें मंदिर बांधीन असा नवस सव्हॉयच्या ड्यूकनें केला होता. त्या नवसाचें भव्य मंदिर टेकडीच्या माथ्यावर उभें आहे आणि त्याच्या तळघरांत त्या राजवंशाच्या समाध्या आहेत. ४ मे रोजीं सायंकाळीं पांच वाजून गेल्यावर तें विमान या मंदिराच्या मागील भिंतीवर आदळलें. आंत ३१ माणसें होतीं. एकहि वांचलें नाहीं.

त्यांपैकीं १८ खेळाडू होते. एर्बस्टीन होता, इंग्रज शिक्षक लेस्ली लिव्हस्ले होता, क्लबाचे कारभारी, तीन वार्ताहर आणि विमानाचे चार कर्मचारी होते. बाल्लारीन आडनांवाचे दोघे सख्खे भाऊ होते. धाकट्याची पाळी खरें म्हणजे नव्हती, थोरल्यानें आग्रह करून त्यास बरोबर घेतलें होतें. छावणींतून वांचलेला एर्बस्टीन येथें मेला. मात्सोला तीस वर्षांचा होता. मृतांची ओळख पटविण्याचें काम व्हित्तोरिओ पोत्सो याजकडे आलें. १९३४ आणि १९३८ अशीं दोन विश्वविजेतीं पदें इटलीस मिळवून देणारा हा वृद्ध शिक्षक. ज्या पोरांना त्यानें राष्ट्रीय संघांत घेतलें, त्यांचीं नांवें त्यानेंच एकेका देहापाशीं उभें राहून सांगावयाचीं होतीं.

६ मे रोजीं अंत्ययात्रा निघाली. पांच लाखांहून अधिक लोक ट्यूरिनच्या रस्त्यांत लोटले. सरकारतर्फे तरुण मंत्री जुलिओ आंद्रेओत्ती आला होता. फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष ओत्तोरीनो बारासी यानें, जणूं चषक घेण्यास पुढें बोलवावें तशा, खेळाडूंना नांवानिशीं हांका मारून त्यांचें पांचवें अजिंक्यपद जाहीर केलें. उत्तर देणारें कोणी नव्हतें. पण उरलेले चार सामने खेळावयाचे होतेच. तोरीनोनें आपला कुमारांचा संघ मैदानावर पाठविला. आणि प्रतिस्पर्धी क्लबांनींहि, कोणीं न सांगतां, आपापले कुमारच समोर उभे केले. चारहि सामने तोरीनोच्या पोरांनीं जिंकले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस आर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट हा क्लब, मृतांच्या कुटुंबियांच्या साहाय्यार्थ एक सामना खेळण्याकरितां, समुद्रापलीकडून ट्यूरिनला आला. पुढील वर्षीं विश्वचषकासाठीं इटलीचा संघ ब्राझीलला गेला तो आगबोटीनें. विमानांत पाऊल ठेवण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

येथवरची हकीकत शोकाच्या सन्मानाची आहे. पुढली तितकी सरळ नाहीं. मेलेला वीर अमर होतो हें बोलणें सोपें आहे; पण त्याच्या जागेवर जो जिवंत माणूस उभा राहतो त्याची अवस्था काय होते? १९४९ नंतर तोरीनोचा सदरा अंगांत घालणाऱ्या प्रत्येक तरुणास एका अशा संघाशीं तोलण्यांत आलें, कीं जो आतां कधींच हरणार नव्हता. स्मरणांतील संघ दर वर्षीं अधिकच निर्दोष होत गेला. तो संघहि कधीं कधीं हरला होता, १९४४ सालीं स्पेत्सिया गांवच्या आगबंबवाल्यांच्या संघानें त्यास २-१ असें नमविलें होतें, ही गोष्ट शोक करणाऱ्यांस आठवेनाशी झाली. दहा वर्षांच्या आंत, १९५९ सालीं, क्लब प्रथमच दुसऱ्या वर्गांत उतरला. विमानानें जें नेलें तें पैशानें भरून येण्यासारखें नव्हतें हें खरें. परंतु कांहीं अंशीं तरी शोकाच्या ओझ्यानेंहि त्याचे खांदे वांकले असावेत, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

मग १९६४ सालीं जीजी मेरोनी आला. उजव्या बगलेवरून खेळणारा, पायमोजे घोट्यापर्यंत उतरविलेला, लांब केसांचा हा मुलगा चित्रें काढी आणि स्वतःचे कपडे स्वतःच बेती. शिस्तप्रिय लोकांस तो आवडत नसे. तोरीनोच्या चाहत्यांनीं त्यास ‘डाळिंबी फुलपाखरूं’ म्हटलें. १९६७ च्या उन्हाळ्यांत युव्हेंटसनें त्याच्यासाठीं मोठी रक्कम देऊं केली, तेव्हां चाहते रस्त्यांत उतरले आणि तो व्यवहार मोडला. मात्सोलानंतर प्रथमच त्यांना जिवंत माणसावर प्रेम करतां आलें होतें. १५ ऑक्टोबर १९६७, रविवार. सांप्दोरियावर ४-२ असा विजय मिळवून त्या संध्याकाळीं मेरोनी एका सोबत्याबरोबर राजा उंबेर्तोच्या नांवाचा रुंद रस्ता ओलांडीत होता. एका मोटारीची त्यास धडक बसली, आणि पलीकडून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीनें त्यास फरफटत नेलें. तो चोवीस वर्षांचा होता. सुपेर्गाच्या विमानाच्या वैमानिकाचें आडनांवहि मेरोनीच होतें. या योगायोगानें त्या शहराचें मन आणखी काळवंडलें.

पहिली मोटार चालविणारा आत्तिलिओ रोमेरो हा एकोणीस वर्षांचा तरुण तोरीनोचाच भक्त होता. त्याच रस्त्यावर तो राहत होता, आणि त्याच्या खोलींत मेरोनीचें छायाचित्र लावलेलें होतें. एखाद्या नाटककारानें हें रचलें असतें तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. जो चाहता शोक करावयाचा, त्याच्याच हातून मरण घडलें.

मेरोनी ज्या स्त्रीबरोबर राहत होता तिच्याशीं त्याचा विवाह झालेला नव्हता, म्हणून त्याचा धर्मविधि चर्चच्या कांहीं अधिकाऱ्यांस पसंत नव्हता. तरी क्लबाच्या पाद्र्यानें तो केला, आणि हजारों लोक त्यास जमले. आठवड्यानें युव्हेंटसशीं सामना होता. नेस्तोर कोंबिन हा मेरोनीचा मित्र, अंगांत ताप असतां खेळला आणि त्यानें तीन गोल केले. चौथा गोल केला तो मेरोनीचा ७ हा अंक पाठीवर घेऊन उतरलेल्या कारेल्ली नामक गड्यानें. सामना ४-० असा तोरीनोचा झाला. १९४९ सालीं पोरांनीं चार सामने जिंकले होते. येथें चार गोल झाले. शोकानें माणूस नेहमींच दुबळा होत नाहीं, याचें हें एक प्रमाण.

रोमेरोचें पुढें काय झालें? तो मोठा झाला, फियाटमध्यें नोकरीस लागला, आणि २००० सालीं याच तोरीनो क्लबाचा अध्यक्ष झाला. २००५ सालीं त्याच्याच कारकीर्दींत क्लबाचें दिवाळें निघालें आणि तो नव्यानें उभारावा लागला. त्या कारभाराचा दोष चाहत्यांनीं त्यास दिला, व तो द्यावयास ते मोकळे होते. पण त्यापूर्वीं पांच वर्षें तो त्या खुर्चीवर बसूं शकला, ही गोष्टहि विचार करण्यासारखी आहे. अपघात आणि अपराध यांतील भेद शोकाच्या भरांत लोकांना सहसा कळत नाहीं.

विजयाच्या दृष्टीनें पाहिलें तर तोरीनोचा उत्तरकाल फार थोडक्यांत सांगतां येतो. १९७६ सालीं, सत्तावीस वर्षांनंतर, त्यानें पुन्हां एकदां अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर पंचवीसच्या घरांत वर्षें दोनदां उलटलीं तरी त्याची पुनरावृत्ति झाली नाहीं. फिलाडेल्फिया क्रीडांगण १९६३ पासून सामन्यांसाठीं वापरांतून गेलें, १९९७ सालीं पाडण्यांत आलें, आणि वीस वर्षें तेथें गवत व ढासळलेल्या पायऱ्या उरल्या. चाहत्यांनीं त्या जागेचा ध्यास सोडला नाहीं. २०१७ सालच्या मे महिन्यांत तें पुन्हां बांधून खुलें झालें. शहरांतील मोठ्या क्रीडांगणासहि आतां त्या मृत संघाचें नांव आहे. लिस्बनच्या प्रवासास गुडघा दुखावल्यामुळें न गेलेला साउरो तोमा हा त्या संघाचा शेवटचा सोबती २०१८ सालीं, ९२ व्या वर्षीं वारला. त्याच्याबरोबर त्या संघाचें प्रत्यक्ष स्मरण संपलें.

तरी दर वर्षीं ४ मे रोजीं हजारों लोक सुपेर्गा चढतात. विद्यमान संघ येतो, प्रार्थना होते, आणि मंदिरामागें जेथें विमान आदळलें त्या जागीं क्लबाचा कप्तान त्या एकतीस जणांचीं नांवें मोठ्यानें वाचतो. खेळाडूंबरोबर वार्ताहर व वैमानिकहि त्यांत असतात. या विधींत भाषण नाहीं, गुणवर्णन नाहीं. केवळ नामोच्चार आहे. आपल्याकडे तर्पणांत हेंच करतात. ज्याचें तर्पण करावयाचें त्याचें नांव घेतात, ओंजळभर पाणी सोडतात. तो थोर होता कीं सामान्य, हा प्रश्न तेथें येत नाहीं. तर्पणांत ज्यांना पुत्र नाहीं, ज्यांचें नांव घेणारें कोणी उरलें नाहीं, अशांसहि पाणी देण्याची सोय ठेवलेली आहे. ट्यूरिनच्या लोकांनीं कोणतेंहि शास्त्र न वाचतां तीच सोय शोधून काढली.

ज्या चाहत्यानें मात्सोलाला पाहिलें नाहीं, तो कोणासाठीं रडतो? माझ्या मतें तो एकट्या मात्सोलासाठीं रडत नाहीं. बापाचा हात धरून तो ज्या क्रीडांगणावर गेला, ज्या घरांत रविवारीं सायंकाळीं तीं नांवें उच्चारलीं गेलीं, ज्या आजोबांनीं त्या बिगुलाची गोष्ट सांगितली, तें सारें त्या नांवांत सांठलेलें आहे. मृत खेळाडू हा त्याचा आप्त नव्हे हें खरें. पण तो त्याच्या आप्तांचा विषय होता, आणि आतां ते आप्तहि गेले आहेत. म्हणून अशा शोकास खोटा म्हणतां येत नाहीं. त्याचा धोका एवढाच कीं, तो जिवंतांना मृतांच्या मापानें मोजूं लागतो; तोरीनोनें ही किंमत पुष्कळ वर्षें दिली आहे. परंतु वर्षांतून एक दिवस नांवें घ्यावीं, तीं आजच्या कप्तानाकडूनच घ्यावीं, आणि रविवारीं पुन्हां त्याच सदऱ्यानें मैदानावर उतरावें, ही जी रीत त्या शहरानें घालून घेतली, तिच्यांत त्या धोक्याचा उतारहि आहे. धर्मशास्त्रानें चाहत्याचें सुतक सांगितलें नाहीं; तें किती दिवसांचें असावें याचा निर्णय ट्यूरिनच्या सामान्य लोकांनीं आपल्यापुरता करून टाकला आहे.